वाचकांचे प्रश्न : इंग्लिश खेड्यातला रस्ता वाचायचा कसा?

मागच्या अंकात विल्टशर परगण्यातल्या लेकॉक गावावर सचित्र लेख होता. त्यात एक वाक्य होतं: ‘दोनशे वर्षांत इथं काहीही बदललेलं नाही.’ त्यावर पत्रांचा पाऊस पडला. काहींची मुलं-नातवंडं इंग्लंडमधल्या खेड्यात स्थायिक आहेत, काहींच्या कपाटात तिकडची जुनी पोस्टकार्डं आहेत, तर काहींचा त्या वाक्यावरच विश्वास नाही. निवडक प्रश्नांना या विषयातल्या जाणकारांनी दिलेली उत्तरं अशी.

प्रश्न : लेकॉकला आम्हीही जाऊन आलो. वीज-टेलिफोनच्या तारा नाहीत, टीव्हीचे अँटेना नाहीत, दगडी आणि लाकडी चौकटीची घरं ओळीनं उभी. गाव खरंच बदललं नाही, की आम्हाला तसं दाखवलं जातं?
– नाशिक

दोन्ही. आराखडा जुनाच आहे. हाय स्ट्रीट, वेस्ट स्ट्रीट, चर्च स्ट्रीट आणि ईस्ट स्ट्रीट अशा चार रस्त्यांचा चौकोन, आणि त्यातली हाय स्ट्रीट बाकीच्यांपेक्षा रुंद, कारण बाजार तिथं भरायचा. घरांच्या दर्शनी भिंतीही बऱ्याचशा जशा होत्या तशा आहेत. याचं कारण मालकीत आहे. गावातली जवळपास सगळी घरं पिढ्यान् पिढ्या टॅल्बट घराण्याची होती. १९४४ साली मटिल्डा टॅल्बट यांनी अ‍ॅबी (जुन्या मठाची वास्तू) आणि गाव दोन्ही नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं. त्यामुळे आजही बहुतेक रहिवासी ट्रस्टचे भाडेकरू आहेत. शंभर मालक असते तर शंभर प्रकारच्या खिडक्या, दारं आणि पत्र्याची गॅरेजं दिसली असती. इथं मालक एकच, त्यामुळे निर्णयही एकच.

तारा नाहीत म्हणजे वीज नाही असं नव्हे. त्या जमिनीखाली घातल्या आहेत, आणि पाहुण्यांच्या गाड्या गावाबाहेरच्या वाहनतळावर थांबतात. ऐतिहासिक चित्रपटांचं चित्रीकरण इथं सारखं चालू असतं, पण त्यासाठीही डांबरावर माती पसरावी लागते आणि रहिवाशांच्या गाड्या हलवाव्या लागतात. दोनशे वर्षांपूर्वी माती हीच रस्त्याची जमीन होती आणि तिच्यात घोड्यांची लीद, गुरांचं शेण आणि पावसाळी गाळ मिसळलेला असायचा. तेव्हाच्या लेकॉकमधला माणूस आज आला तर घरं ओळखेल. स्वच्छता आणि शांतता पाहून मात्र बुचकळ्यात पडेल. नालबंदाचा हातोडा, गाड्यांची चाकं, कोंबड्या, पंपावरची भांडणं यांतलं काही उरलेलं नाही. आजचं ‘जसंच्या तसं’ रूप विसाव्या शतकात घडवलेलं आहे आणि ते टिकवायला दरवर्षी खर्च येतो. मागच्या लेखातलं ते वाक्य आम्ही दुरुस्त करू: भिंती फारशा बदलल्या नाहीत, भिंतींमधला रस्ता पूर्ण बदलला.

प्रश्न : मुलगा ग्लॉस्टरशरमधल्या एका खेड्यात राहतो. गल्लीतल्या घरांची नावं फोर्ज कॉटेज, ओल्ड बेकरी, ओल्ड स्कूल हाउस. गल्लीचं नाव पाउंड लेन. ही नावं खरी असतात की हौसेची? शंभर वर्षांपूर्वी तिथं कोण काय करत होतं ते घरबसल्या शोधता येईल का?
– सातारा

नावातलं ‘ओल्ड’ हे बहुधा धंदा बंद पडल्यावर लागतं. बेकरी चालू असताना तिला कोणी जुनी बेकरी म्हणत नाही. घर विकताना दलालानं किंवा विकत घेणाऱ्यानं चिकटवलेली नावंही पुष्कळ आहेत, म्हणून नाव हा पुरावा न मानता सुगावा समजा. पाउंड लेन मात्र भरवशाचं नाव. पाउंड म्हणजे कोंडवाडा. मोकाट जनावर धरून तिथं कोंडायचे आणि दंड भरल्यावर सोडायचे, अगदी आपल्यासारखंच. उत्तर इंग्लंडमध्ये त्यालाच पिनफोल्ड म्हणतात. त्या गल्लीत दगडी भिंतीचं छोटं, बिनछपराचं आवार सापडतं का ते मुलाला पाहायला सांगा.

शोधाचा क्रम असा ठेवा.

आधी नकाशा. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचा १:२५०० मापाचा, म्हणजे ‘पंचवीस इंची’ (मैलाला सुमारे पंचवीस इंच) नकाशा घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडचा लागवडीखालचा जवळपास सगळा भाग या मापात मोजला गेला आणि नंतर त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही नकाशे फुकट आहेत. जुना नकाशा आणि आजचं उपग्रहचित्र शेजारी शेजारी उघडता येतं. एकावर बोट ठेवलं की दुसऱ्यावर तीच जागा दिसते. अक्षरं समजून घ्या: ‘पी’ म्हणजे पंप, ‘डब्ल्यू’ विहीर, ‘पी. एच.’ पब, ‘एल. बी.’ टपालपेटी, ‘एम. एस.’ मैलाचा दगड, ‘जी. पी.’ दिशादर्शक खांब. ‘स्मिदी’ असं लिहिलेलं सापडलं तर लोहारसाळ पक्की. एक सावधगिरी: नकाशावर मोजणीचं वर्ष आणि छपाईचं वर्ष वेगळं असतं, आणि रस्ता जुळतो तो मोजणीच्या वर्षाशी.

मग जनगणना. इंग्लंडमध्ये दर दहा वर्षांनी झालेल्या गणनेचे घरोघरचे कागद १८४१ ते १९२१ पर्यंतचे खुले आहेत. १९३१चे कागद १९४२च्या आगीत जळाले आणि १९४१ साली युद्धामुळे गणनाच झाली नाही, म्हणून पुढची फट १९३९ साली युद्धासाठी केलेल्या रहिवाशांच्या नोंदवहीनं भरायची. बहुतेक ठिकाणी पाहायला पैसे पडतात. खेड्यात घरांना क्रमांक नव्हते, आणि यादीतला अनुक्रमांक म्हणजे घराचा क्रमांक नव्हे. गणना करणारा ज्या वाटेनं फिरला त्या वाटेचा तो क्रम आहे. म्हणून आधी पब, पाद्र्याचं घर, शाळा असे न हलणारे खुंट यादीत शोधा आणि मधली घरं नकाशावर मोजा. लागोपाठच्या दोन गणनांत फिरण्याची वाट वेगळी असू शकते, आणि घोटाळा नेमका इथंच होतो: पुष्कळजण चुकीच्या घरात लोहार बसवून मोकळे होतात. १८४१च्या गणनेत पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं साधारणपणे पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत, तेव्हा वयावरून माणूस जुळवताना जपून.

तिसरी पायरी म्हणजे व्यापारी निर्देशिका. केली यांच्या निर्देशिका सर्वांत परिचित; लेस्टर विद्यापीठानं अशा अनेक निर्देशिका फुकट उपलब्ध केल्या आहेत. गावाखाली लोहार, चाककार, खोगीरवाला, शिंपी, बेकर, कोळसेवाला अशी नावं मिळतात. पण ही यादी धंदेवाल्यांची. शेतमजूर त्यात नाहीत, आणि स्वयंपाकघरातून अंडी विकणारी बाईही नाही. शिवाय माहिती छपाईच्या आधी गोळा केलेली असते, म्हणून १९११च्या निर्देशिकेतला माणूस १९१०मध्येच वारलेला असू शकतो.

याहून मागे जायचं तर १८३६च्या कायद्यानंतर तयार झालेले टिथ (चर्चचा दशमांश कर) नकाशे आणि त्यांच्या सोबतच्या याद्या पाहा. त्यात प्रत्येक तुकड्याचा मालक, कसणारा आणि वापर लिहिलेला असतो. आणि एक दुर्लक्षित खजिना: १९१०च्या कायद्यानं झालेली जमीन-मूल्यांकनाची पाहणी. तिच्या क्षेत्रवह्या लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. नशिबानं तुमचं गाव नीट नोंदलेलं असेल तर खोल्या किती, भिंत कशाची, छप्पर कशाचं, अवस्था कशी, हे एका परिच्छेदात मिळतं.

कागद झाले की भिंती पाहायच्या. लोहारसाळीला रुंद दार लागायचं. ते बुजवलं तरी वरची लांब तुळई राहते. बेकरीच्या टोकाच्या भिंतीला जाडजूड चिमणी असते. दुकानाची खिडकी तळमजल्यावर इतर घरांपेक्षा मोठी. शाळेच्या खिडक्या मुलांना बाहेर दिसू नये इतक्या उंच आणि मुलगे-मुलींची दारं वेगळी. १८७०च्या शिक्षण कायद्यानंतर अशा इमारती गावोगाव उभ्या राहिल्या. बुटक्या दगडी कुंपणभिंतीवर ओळीनं कापलेल्या लोखंडाचे खुंट दिसले तर तिथले गज दुसऱ्या महायुद्धात भंगारासाठी कापून नेले असं समजा. १९४० साली शत्रूला वाट सापडू नये म्हणून दिशादर्शक पाट्याही काढल्या होत्या, त्यामुळे युद्धाच्या आधीची पाटी मूळ जागीच असेल असं गृहीत धरू नका.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत एका इंग्लिश गावाच्या रस्त्याची तीन पोस्टकार्डं सापडली. तारीख कशावरच नाही, एकावर तिकीट आहे पण शिक्का पुसट. काळ कसा ठरवायचा?
– बेळगाव

आधी कार्ड उलटं करा. ब्रिटनमध्ये पत्त्याच्या बाजूलाच मजकूर लिहायची परवानगी १९०२ साली मिळाली. मागच्या बाजूला मधोमध रेघ असेल तर कार्ड त्यानंतरचं. देशांतर्गत कार्डाला अर्ध्या पेनीचं तिकीट जून १९१८पर्यंत चाललं, मग एक पेनी झालं. म्हणजे रेघ आहे आणि अर्ध्या पेनीचं तिकीट आहे, तर १९०२ ते १९१८ ही चौकट पक्की. तिकिटावर दाढीवाला, टक्कल पडलेला राजा सातवा एडवर्ड, त्यानंतरचा पाचवा जॉर्ज. मात्र ही तारीख टपालाची आहे, छायाचित्राची नव्हे. प्रकाशक एकाच काचेच्या निगेटिव्हवरून वीस-वीस वर्षं छापायचे, मधेच जुन्या गाड्या पुसून टाकायचे, काळ्या-पांढऱ्यावर हातानं रंग भरायचे. म्हणून तिकीट ‘याच्या नंतरचं नाही’ एवढंच सांगतं. ‘याच्या आधीचं नाही’ हे चित्रातून काढावं लागतं.

भिंग घ्या आणि चित्रात पुढच्या गोष्टी शोधा.

टपालपेटी. तिच्यावर राजाराणीची आद्याक्षरं असतात. ‘व्ही आर’ म्हणजे व्हिक्टोरिया, नुसतं ‘जी आर’ म्हणजे पाचवा जॉर्ज, मधे रोमन सहा असेल तर सहावा जॉर्ज, ‘ई दोन आर’ म्हणजे १९५२ नंतरचं. पेटी बसवल्यावर राजा बदलला तरी पेटी बदलत नाहीत, त्यामुळे व्हिक्टोरियाची पेटी आजच्या फोटोतही दिसेल. ती फक्त खालची मर्यादा देते.

लाल टेलिफोन खोका. खेड्यात दिसतो तो जवळजवळ नेहमी के-सिक्स जातीचा, वास्तुरचनाकार जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवासाठी आखलेला. दाराच्या काचांच्या ओळीत मधली काच रुंद, दोन्ही बाजूंच्या अरुंद, ही त्याची खूण. तो दिसला की चित्र १९३६च्या आधीचं नाही. काचा सगळ्या सारख्या आकाराच्या असतील तर तो १९२६चा के-टू, आणि तो मुख्यतः लंडनचा; असा खोका ‘खेड्याच्या’ कार्डावर असेल तर मथळा तपासून पाहा.

वेगमर्यादेची ३०ची पाटी: वस्तीतला ताशी ३० मैलांचा नियम १९३५पासूनचा. आज दिसते तशी चित्रमय, इंग्रजी मोठी-छोटी दोन्ही अक्षरं वापरणारी पाट्यांची पद्धत १९६५पासूनची. ती जॉक किनीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांची आखणी. काळी-पांढरी, फक्त मोठ्या अक्षरांतली ‘हॉल्ट’ची पाटी असेल तर त्याच्या आधीचं चित्र. काळे-पांढरे पट्टे असलेलं झेब्रा क्रॉसिंग १९५१ नंतर.

छपरावर ‘एच’ किंवा ‘एक्स’च्या आकाराचा अँटेना दिसला तर १९५०-६०चं दशक. आधी तिथं टीव्हीचं प्रक्षेपणच पोचत नव्हतं. लंडनबाहेरचं पहिलं मोठं केंद्र सटन कोल्डफील्ड १९४९च्या डिसेंबरमध्ये सुरू झालं, पश्चिमेला वेनव्हो १९५२ साली.

मोटारीची पाटी: शेवटी एक अक्षर जोडण्याची पद्धत १९६३ साली सुरू झाली, ते अक्षर १९८३ साली सुरुवातीला गेलं आणि २००१ साली आजची पद्धत आली. पुढं पांढरी आणि मागं पिवळी चकचकीत पाटी नव्या गाड्यांना १९७३पासून सक्तीची.

राहिली झाडं. रस्त्याकडेला उंच, पंख्यासारखी एल्मची रांग असेल तर चित्र बहुधा १९७०च्या दशकाच्या आधीचं. १९६०च्या दशकाअखेरीस आलेल्या डच एल्म रोगानं ब्रिटनमधली अडीच कोटींहून अधिक एल्म झाडं गेली. गावाच्या रूपात सगळ्यांत मोठा फरक कित्येक ठिकाणी एवढ्यानंच पडला, आणि जुनं-नवं चित्र शेजारी ठेवलं की लोकांना ‘काहीतरी हरवलंय’ असं वाटतं पण काय ते सांगता येत नाही.

तुमच्या तिन्ही कार्डांसाठी दोन रकाने करा, ‘याच्या आधीचं नाही’ आणि ‘याच्या नंतरचं नाही’. जी वर्षं दोन्हींत बसतात तीच लिहा. एकच वर्ष लिहायचा मोह टाळा.

प्रश्न : लेकीनं सॉमरसेटमध्ये रस्त्याला लागून दगडी घर घेतलंय. रस्त्यावरून दारातून आत जाताना एक पायरी खाली उतरावी लागते. समोरच्या भिंतीला ओल येते. घर खचलंय का?
– पुणे

घर खचलं असण्यापेक्षा रस्ता वर आला असण्याची शक्यता जास्त. खेड्यातला रस्ता म्हणजे थरांची चळत असते.

१५५५च्या कायद्यानं गावकऱ्यांवर रस्तादुरुस्तीची वेठ लादली. ती १८३५ साली संपली. त्या काळात खड्डा दिसला की गाडाभर दगड टाकायचे, झालं. एकोणिसाव्या शतकात जॉन मॅकॅडम यांची पद्धत रुजली: दगड फोडून सहा औंसांच्या, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमच्या आतले तुकडे करायचे, मोठ्या दगडांचा पाया घालायचा नाही, सगळा थर सुमारे १० इंच, मधे किंचित उंचवटा, आणि पाणी खाली जाऊ द्यायचं नाही. चाकांच्या वजनानं तुकडे एकमेकांत गच्च बसतात. महाराष्ट्रात आजही डांबराखालच्या ‘डब्ल्यूबीएम’ खडीकरणात याच घराण्याची कृती चालते. घोडागाडीला हा रस्ता उत्तम होता. मोटारी आल्यावर रबरी चाकांनी मधली बारीक भुकटी ओढून काढली, धुळीचे लोट उठले आणि खडी सुटी झाली. उपाय डांबराचा. नॉटिंगहॅमशरचे सर्वेक्षक एडगर पर्नेल हूली यांनी १९०२ साली टारमॅकचं पेटंट घेतलं. मोठ्या रस्त्यांना ते लवकर मिळालं. आडगल्ल्यांची पाळी बऱ्याच ठिकाणी दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आली. तेव्हापासून दर काही वर्षांनी वर नवा थर. हल्ली जुना थर खरवडून काढतात, पण आधीचे कित्येक इंच साचलेलेच आहेत.

परिणाम असा: दाराचा उंबरा रस्त्याच्या खाली गेला, भिंतीचा पायथा जमिनीत गाडला गेला आणि उतार घराकडे आला. थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात. गाड्या ते खारट पाणी भिंतीवर उडवतात. मीठ दगडात जातं, वाळताना स्फटिक होतं आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. यावर लोक सिमेंटचा गिलावा करतात, आणि दुखणं वाढतं ते त्यामुळेच. जुन्या भिंतीत दगड चुन्यात बसवलेले असतात. आत आलेलं पाणी चुन्याच्या सांध्यांतून बाहेर वाळतं. सिमेंटनं सांधे बंद केले की पाणी दगडातून वाट काढतं आणि आतल्या गिलाव्यावर डाग उमटतात.

लेकीनं काय करावं: आधी पन्हळी आणि उभे पाइप भर पावसात तपासावेत, कारण निम्म्या वेळा ओल तिथूनच असते. मग सांध्यांतलं सिमेंट हळुवार काढून ते चुन्यानं भरावेत. हे काम कडाक्याच्या थंडीत करू नये. चुना गोठला की भुगा होऊन पडतो. आतून सिमेंट गिलावा आणि प्लास्टिक रंग असेल तर काढून चुन्याचा गिलावा आणि चुनकळीचा रंग द्यावा. भिंतीत भोकं पाडून रसायन भरणाऱ्यांपासून दूर राहावं: ओबडधोबड दगडी भिंतीत पोकळ्या असतात, रसायन सलग पसरत नाही, पैसे मात्र सलग जातात. बाहेर भिंतीलगत चर खणून खडी भरली तर फरक पडतो, पण भिंतीला लागून रस्ताच असेल तर ती जमीन परगण्याच्या महामार्ग खात्याच्या अखत्यारीत येते. त्यांच्या परवानगीशिवाय कुदळ लावायची नाही.

प्रश्न : गावात एकेकाळी चार दुकानं होती म्हणतात, आता एकही नाही. तरी घरांच्या किमती आभाळाला! हे कसं?
– ठाणे

दोन्ही गोष्टींमागे मोटार आहे. गावात पेट्रोलपंप आला तेव्हाच (रस्त्याकडेचा पहिला इंधनपंप बर्कशरच्या अल्डरमॅस्टनला १९१९-२०च्या सुमारास सुरू झाला) कित्येक लोहारांनी पाटी बदलून गॅरेज काढलं. पुढं गाडी घरोघरी आली, फ्रीज आला, रोजचा बाजार आठवड्यावर गेला. १९६४च्या कायद्यानं वस्तूंची उत्पादकानं ठरवलेली किरकोळ किंमत पाळायची सक्ती बव्हंशी उठली. मोठी दुकानं स्वस्त विकू लागली आणि गावातल्या वाण्याला ते परवडेना. रेल्वेत कपात सुचवणाऱ्या १९६३च्या बीचिंग अहवालानंतर अनेक छोटी रेल्वे स्थानकं बंद झाली. मोटारीमुळेच शहरातला पगारदार मात्र खेड्यात राहायला आला, त्यानं बंद पडलेलं दुकान घर म्हणून घेतलं. १९८०च्या कायद्यानं सरकारी घरंही भाडेकरूंना विकत घेता येऊ लागली, त्यामुळे मजुराला परवडेल असं घर दुर्मीळ झालं.

शेवटचं दुकान किंवा पब विक्रीला निघण्याआधी गावकऱ्यांना एक गोष्ट करता येते. २०११च्या लोकॅलिझम कायद्यानुसार पॅरिश काउन्सिल (आपल्या ग्रामपंचायतीसारखी संस्था) किंवा गावातला गट ती जागा ‘समाजमूल्य असलेली मालमत्ता’ म्हणून नोंदवून घेऊ शकतो. नोंद पाच वर्षं टिकते. मालक विकू लागला की सहा आठवड्यांत इच्छा कळवायची. मग एकूण सहा महिने पैसे उभे करायला मिळतात. मालकानं गावालाच विकावं असं बंधन मात्र त्यात नाही, आणि नोंद पाटी लागल्यावर करायला धावलं तर उशीर झालेला असतो. नियम बदलत असतात, म्हणून अर्जाआधी जिल्हा काउन्सिलला विचारा. सामुदायिक दुकानांना प्लंकेट ही संस्था सल्ला देते.

प्रश्न : सुनेचं घर ‘कॉन्झर्व्हेशन एरिया’त आहे. शेजारी म्हणतात दुहेरी काचेच्या प्लास्टिक खिडक्या लावता येणार नाहीत. खरं का?
– लेस्टर, इंग्लंड

शेजाऱ्यांनी दोन वेगळे नियम एकत्र केलेले दिसतात. घर ‘लिस्टेड’, म्हणजे संरक्षित वास्तूंच्या यादीतलं, आहे का ते आधी पाहा. हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा-संस्थेची यादी फुकट पाहता येते. लिस्टेड असेल तर खिडकी, दार, चिमणी, आतला जिनासुद्धा बदलण्याआधी मंजुरी लागते. तिच्या अर्जाला शुल्क नाही. मंजुरीशिवाय काम करणं हा फौजदारी गुन्हा आहे, आणि आधीच्या मालकानं केलेलं बेकायदा काम पूर्ववत करायची नोटीस नव्या मालकाला येऊ शकते; त्याला कालमर्यादा नाही. म्हणून घर घेतानाच वकिलाला हा प्रश्न विचारायचा.

घर लिस्टेड नसून फक्त संरक्षित भागात (कॉन्झर्व्हेशन एरियात) असेल, तर साध्या खिडक्या बदलायला सहसा मंजुरी लागत नाही. पण काउन्सिलनं तिथं ‘आर्टिकल चार’चा आदेश काढला असेल तर लागते. हा आदेश रस्त्यारस्त्यानुसार वेगळा असू शकतो. समोरच्या गल्लीत चाललं म्हणून आपल्या गल्लीत चालेल असं नाही. डिश अँटेना रस्त्याकडच्या भिंतीवर लावायला मात्र संरक्षित भागात परवानगी लागते. झाडांचं बहुतेकांना माहीत नसतं: जमिनीपासून दीड मीटरवर ७५ मिलिमीटरपेक्षा जाड खोड असेल तर फांदी छाटण्याआधीसुद्धा काउन्सिलला सहा आठवड्यांची सूचना द्यायची.

असे संरक्षित भाग १९६७च्या कायद्यानं सुरू झाले. लिंकनशरचं स्टॅमफर्ड पहिलं. आज इंग्लंडमध्ये सुमारे १०,००० आहेत. आमचं मत विचाराल तर जुन्या लाकडी चौकटी टाकून देऊ नका. आतून दुसरी बारीक काचेची चौकट बसवली की ऊब आणि शांतता दोन्ही मिळतं आणि रस्त्यावरून काही दिसत नाही.

प्रश्न : रात्री गावात मिट्ट काळोख. एवढ्या श्रीमंत देशात दिवे का लावत नाहीत?
– कोल्हापूर

अनेक खेड्यांत दिवे लावायचे की नाहीत हे पॅरिश काउन्सिल ठरवते आणि खर्च गावकऱ्यांच्या करातून जातो. लोकांनाच तारे दिसायला हवे असतात. याचा एक व्यावहारिक परिणाम आहे. २०० यार्डांपेक्षा जवळजवळ दिव्यांचे खांब असतील तर वेगळी पाटी नसतानाही ३०ची मर्यादा लागू होते. खांब नसतील तर पाटीवाचून ही ३०ची मर्यादा लागत नाही. रात्री चालताना वाहतुकीकडे तोंड करून, म्हणजे तिकडे उजव्या कडेनं चाला.

प्रश्न : या उन्हाळ्यात लेकीकडे जातोय. जुन्या कार्डावरचा फोटो नेमक्या त्याच जागेवरून पुन्हा काढायचा आहे. मोबाइलनं जमेल?
– रत्नागिरी

जमेल, फक्त घाई नको. जुन्या चित्रात एक जवळची आणि एक लांबची अशी न हलणारी जोडी निवडा. उदाहरणार्थ, जवळच्या घराची कड आणि मागचा चर्चचा मनोरा. त्या दोघांमधलं अंतर जुळेपर्यंत सरकत राहा. जवळची कड जुन्या चित्रापेक्षा डावीकडे सरकलेली दिसली तर तुम्ही जास्त उजवीकडे आहात, डावीकडे या. जवळचं छप्पर लांबच्या मनोऱ्याच्या मानानं खाली दिसलं तर कॅमेरा फार वर धरलाय. जवळचं घर लांबच्याच्या मानानं मोठं दिसलं तर मागे जा. झूम करून हा फरक जात नाही, कारण झूमनं दोन्ही सारखीच मोठी होतात. पुष्कळांचा वेळ इथंच वाया जातो.

रस्ता वर आला असेल तर जुनी उंची मिळवायला थोडं वाकावंही लागेल. जुने छायाचित्रकार तिपाईवर मोठा कॅमेरा ठेवून भिंग वर सरकवायचे, त्यामुळे त्यांच्या भिंती सरळ उभ्या दिसतात. मोबाइल वर तिरका केला की भिंती आत झुकतात. म्हणून तो सरळ धरा, थोडी रुंद चौकट घ्या आणि खालचा जास्तीचा रस्ता नंतर कापा.

ते लोक बिनधास्त रस्त्याच्या मधोमध उभे राहायचे. तुम्ही रविवारी सकाळी लवकर जा आणि सोबत गाड्यांकडे लक्ष ठेवणारं माणूस ठेवा. सावल्या जुळवायच्या तर जुन्या चित्रात सावली कुठल्या भिंतीवर आहे ते पाहून वेळ ठरवा. उन्हाळ्यात पानांनी घरं झाकली जातात. जमलं तर तिथं राहणाऱ्या लेकीकडूनच हिवाळ्यात दुसरा फोटो मागवा, आणि तिला उभं राहायची जागा समजावी म्हणून तुम्ही उभे होतात तिथल्या कडेच्या दगडाचा एक फोटो काढून ठेवा. सार्वजनिक रस्त्यावरून फोटो काढायला मनाई नाही. मात्र कोणाच्या खिडकीत कॅमेरा रोखू नका, आणि छापायला पाठवताना गाड्यांचे क्रमांक झाका.